एअर विंगचा पॅच: कल्पनेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत

आमच्या कॉलेजच्या एनसीसी एअर विंगने पहिल्यांदा स्वतःचा पॅच, म्हणजे कपड्यावर लावायचा भरतकामाचा बिल्ला, केला, तेव्हा त्यात गरुड होता, विमान होतं, प्रोपेलर होता, किल्ला होता, मशाल होती आणि उरलेल्या जागेत तिरंगी पट्टे. ए-फोर कागदावर प्रकरण झकास दिसत होतं. मग ते नऊ सेंटिमीटरच्या कापडावर उतरलं. कॅम्पमध्ये जेवणाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या एका कॅडेटने माझ्या टोपीकडे बघून निरागसपणे विचारलं, "तुमच्या युनिटचं चिन्ह कोंबडा आहे का रे?"

पुढे मी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या धंद्यात पडलो. चित्राचे टाके करून ते मशीनला समजतील असे मांडायचे, याला आमच्याकडे पंचिंग म्हणतात, आणि तेच माझं रोजचं काम. एअर विंगची पोरं-पोरी अजूनही डिझाइन घेऊन येतात, आणि त्यातले बरेचसे कोंबडेच असतात. चित्र वाईट नसतं, फक्त ते कागदासाठी काढलेलं असतं. पॅचचा विचार दोऱ्यापासून उलटा करत यावा लागतो. तो कसा, ते खाली एका नमुन्यासह सांगतो.

आधी परवानगी, मग पेन्सिल

एनसीसीच्या गणवेशावर काय लावायचं हे ठरलेलं असतं. रँक, खांद्यावरची पट्टी, कोर्सचे बिल्ले, सगळ्याला मंजुरी असते. तुमचा पॅच कितीही देखणा झाला तरी तो गणवेशावर चढवायचा नाही. त्याची जागा कॅम्पच्या टी-शर्टवर, ट्रॅकसूटवर, एरोमॉडेलिंगच्या एप्रनवर आणि बॅगेवर. हे डोक्यात ठेवून एएनओ, म्हणजे कॉलेजात एनसीसी बघणाऱ्या सरांना किंवा मॅडमना कच्चं चित्र दाखवा आणि त्यांच्यामार्फत सीओंची, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरची, मंजुरी लेखी घ्या. शंभर नग भरून आल्यावर विचारायला जाऊ नका.

काही गोष्टी चित्रात घ्यायच्याच नाहीत. चार सिंहांची राजमुद्रा नको. ती कोणी वापरायची यावर २००५ चा कायदा आहे. हवाईदलाच्या स्क्वाड्रनच्या चिन्हांवर ती वर विराजमान असते म्हणून आपणही घेतली, असं चालत नाही. अशोकचक्र आणि राष्ट्रध्वज १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या यादीत आहेत. त्याच यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे, आणि व्यापारी कारणासाठी ते वापरायला सरकारची परवानगी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत असं की, जो पॅच बॅगेवर बसून एसटीच्या फरशीवर आपटणार आहे, त्यावर महाराज नसावेत.

एनसीसीचं बोधचिन्ह आणि हवाईदलाचा हिमालयी गरुड हीसुद्धा दुसऱ्यांची मालमत्ता. 'नभःस्पृशं दीप्तम्' हे गीतेच्या अकराव्या अध्यायातलं वाक्य फार सुंदर आहे, पण ते हवाईदलाचं ब्रीद आहे. आपलं आपण शोधायचं.

चिन्ह शोधायचं कसं

इथे घाई केली की गरुड येतो. गरुडात वाईट काही नाही, पण तो सगळ्यांचाच आहे. तेच पसरलेल्या पंखांचं, तेच विजेचं, तेच मशालीचं.

मी सांगतो ती पद्धत साधी आहे. चार-पाच कॅडेट वही घेऊन कॉलेजच्या आवारात तासभर हिंडा. परेड ग्राउंड, गच्ची, जुनी इमारत, पाण्याची टाकी, वाऱ्याने फाटलेला पतंग ज्या झाडात अडकतो ते झाड. दिसेल ते लिहा. मग जुन्या कॅडेटांना फोन लावा आणि विचारा, युनिटची कुठली गोष्ट आठवते? वीसेक नोंदी झाल्या की प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा: हे दुसऱ्या कुठल्याही युनिटच्या पॅचवर चाललं असतं का? चाललं असतं तर खोडा. वीसातून दोन-तीन उरतात, क्वचित एकच. तेवढं पुरतं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर माल भरपूर आहे. राज्यपक्षी हरियाल, म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर. भीमाशंकरच्या बाजूचं युनिट असेल तर फांदीवरून फांदीवर झेप घेणारं शेकरू. राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ साली घोषित झालेलं. काळ्या पंखांवर निळा, रंग आयतेच जुळलेले. पुण्याकडच्या पोरांना सिंहगड हवाच असतो. हरकत नाही, पण मग खरा सिंहगड काढा. त्याची ओळखीची रेघ माथ्यावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यासकट आहे. मनोरा पुसून तीनशे वर्षांपूर्वीचा गड काढला तर तो कुठलाही डोंगर दिसतो.

विमान घ्यावं का? माझा कल नको म्हणण्याकडे. एकतर विमानं बदलतात. एअर विंगच्या मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे छोट्या हलक्या विमानांत, झेन एअर सीएच-७०१ होतं, मग व्हायरस एसडब्ल्यू-८० आलं. पॅच मात्र दहा-पंधरा वर्षं चालतो. दुसरं म्हणजे विमान काढलं की ते बरोबर काढावं लागतं. व्हायरसचं शेपूट इंग्रजी टी अक्षरासारखं असतं, आडवा पंख उभ्या फिनच्या डोक्यावर. पंख केबिनच्या वर, लांब आणि निमुळते. ज्याने त्यात एक सॉर्टी, म्हणजे हवेतली फेरी, मारली आहे तो पोरगा चुकलेलं शेपूट दहा फुटांवरून पकडतो आणि मग वर्षभर तेच ऐकावं लागतं.

आता आपला नमुना. समजा कॉलेजची इमारत जुनी दगडी आहे आणि तिच्या वळचणीला, कमानींखाली पाकोळ्या नावाच्या छोट्या पक्ष्यांची घरटी आहेत. पिसं आणि लाळ यांनी चिकटवलेली, एकाला एक खेटून. संध्याकाळची परेड संपायच्या सुमाराला त्यांचा थवा ग्राउंडवर किरकिरत घिरट्या घालतो. प्रत्येक बॅचने ते पाहिलेलं असतं. पाकोळीचे पाय इतके आखूड की तिला फांदीवर बसताही येत नाही. उभ्या भिंतीला नखांनी लटकायचं, नाहीतर उडत राहायचं. खाणं, पिणं, घरट्यासाठी पिसं गोळा करणं, सगळं हवेतच. एअर विंगला याहून बरं चिन्ह कुठून आणणार? आणि दोऱ्याच्या दृष्टीने तर ती देणगीच आहे: विळ्यासारखे दोन पंख, मध्ये आखूड अंग, कमरेवर पांढरा चौकोनी डाग. एक आकृती, एक रंग, एक डाग.

दहा रुपयांच्या नाण्याची परीक्षा

कागदावर दहा रुपयांचं नाणं ठेवून गोल काढा. साधारण २७ मिलिमीटर. त्या गोलात जाड स्केचपेनने चिन्ह काढा, बारीक पेन घ्यायचं नाही. ओळखू आलं तर चिन्ह पास. मग खऱ्या मापाची प्रिंट काढून भिंतीला चिकटवा आणि दहा पावलं मागे जा. ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला विचारा, काय दिसतं? कॅन्टीनवाले मामा या कामासाठी उत्तम, कारण ते भीड ठेवत नाहीत.

रंग

एनसीसीच्या ध्वजावर तीन पट्टे असतात. लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि आकाशी हवाईदलाचा. एअर विंगच्या पॅचमध्ये आकाशीला मान द्यावा, बाकी दोन पाहुणे म्हणून यावेत.

रंग ही दुरून पटणारी ओळख असते, आणि विमानांच्या बाबतीत तो जिवाचा प्रश्न झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांवर लाल गोळा होता. म्हणून अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या विमानांवरच्या ताऱ्यामधला लाल ठिपका काढून टाकला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या हवाईदलाच्या विमानांवरच्या वर्तुळातूनही लाल गेला आणि निळ्याच्या दोन छटा राहिल्या. अमेरिकेत डिसेंबर १९४१ मध्ये सुरू झालेल्या सिव्हिल एअर पेट्रोलमध्ये पुढच्याच वर्षी कॅडेट घेऊ लागले. त्यांचं चिन्ह बघा: निळं वर्तुळ, त्यात पांढरा त्रिकोण, त्यात लाल तीन पात्यांचा प्रोपेलर. तीन रंग, तीन आकार, आणि लाल कुठेही थेट निळ्याला चिकटत नाही, कारण मध्ये पांढरा आहे.

हीच युक्ती आपल्याला लागणार. पाकोळी गडद निळी, आभाळ आकाशी, भोवतीचं अक्षरांचं कडं गडद निळं, अक्षरं पांढरी, सगळ्यात बाहेरची किनार लाल. लाल किनार थेट गडद निळ्याला भिडली की सावलीत दोन्ही मिळून काळपट दिसतात. म्हणून मध्ये दीड मिलिमीटरची पांढरी रेघ घालायची. एकूण रंग चार, त्यात ध्वजाचे तीनही रंग आले. पाच रंगांवर जाऊ नका. रंग वाढला की रीळ वाढतं, मशीनचं थांबणं वाढतं, भाव वाढतो आणि चित्र मात्र सुधारत नाही.

दोरा पॉलिएस्टरचा मागा. रेयॉनला चकाकी जास्त, पण उन्हात आणि ब्लीचमध्ये तो लवकर फिका पडतो, आणि कॅडेटचे कपडे कसे धुतले जातात हे मी पाहिलेलं आहे. रंग मोबाइलवर ठरवू नका. दुकानात जाऊन शेड कार्ड दारात, उजेडात धरून ठरवा आणि रिळाचा नंबर लिहून घ्या.

मापं

गोल पॅच, व्यास ९० मिलिमीटर. लाल किनार दोन्ही बाजूंनी चार-चार, उरले ८२. पांढरी रेघ दीड-दीड, उरले ७९. अक्षरांचं कडं तेरा-तेरा, म्हणजे आतलं आभाळ ५३ मिलिमीटरचं. त्यात पाकोळी ४५ रुंद, दोन्हीकडे चार-चार मोकळे. ही मोकळी जागा भरायचा मोह प्रत्येकाला होतो. कोणीतरी म्हणतंच, "तिथे दोन तारे टाकू." टाकू नका.

पक्षी थोडा तिरका, वर चढताना दाखवा. त्याचं तोंड कुणीकडे हेही ठरवावं लागतं. पॅच उजव्या बाहीवर जाणार असेल तर तोंड बघणाऱ्याच्या उजवीकडे, डाव्या बाहीवर असेल तर डावीकडे, म्हणजे माणूस चालतो त्या दिशेने पाकोळी उडते. उलट लावली की ती मागे पळताना दिसते.

अक्षरं, म्हणजे खरी डोकेदुखी

सगळ्यात जास्त पॅच इथे बिघडतात, आणि देवनागरीत तर हमखास.

पहिलं, मजकूर कमी ठेवा. हवाईदलाच्या स्क्वाड्रनची ब्रीदं बघा. १ एप्रिल १९३३ ला कराचीत उभी राहिलेली एक नंबर स्क्वाड्रन, टायगर्स: 'एकता में शक्ति'. अठरा नंबर, फ्लाइंग बुलेट्स: 'तीव्र और निर्भय'. तीन-तीन शब्द. आपल्या नमुन्यात वर 'एअर विंग' आणि कॉलेजचं छोटं नाव, खाली ब्रीद. ब्रीद मी 'पंखांवर वस्ती' असं धरतो. दोन शब्द, सहा अक्षरं, आणि पाकोळी ज्याने पाहिली आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

आता ही सहा अक्षरं दोऱ्याच्या नजरेने वाचा. दोन अनुस्वार, एक वेलांटी, एक जोडाक्षर. इंग्रजी मोठी अक्षरं पाच मिलिमीटर उंच असली की भागतं, कारण त्यांना वर-खाली काही नसतं. देवनागरीत मूळ अक्षराला साडेपाच धरले तर वेलांटी आणि अनुस्वारासाठी वर अडीच लागतात. झाले आठ. खाली उकार असेल तर आणखी. तेरा मिलिमीटरचं कडं मी उगाच धरलेलं नाही. अनुस्वाराचा ठिपका सव्वा मिलिमीटरहून लहान केला तर तो कापडात बुडतो आणि 'पंखांवर'चं 'पखावर' होतं.

फॉन्ट एकसारख्या जाडीचा घ्या. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही चालतात. भरतकामाला मला बालू जास्त आवडतो, कारण तो गुबगुबीत आहे. बोरूने लिहिल्यासारखे जाड-बारीक फॉन्ट लग्नपत्रिकेसाठी ठेवा. त्यांची बारीक रेघ एक मिलिमीटरच्या खाली गेली की सॅटिन टाका, म्हणजे रेघेच्या आरपार खेटून घातलेले चकचकीत टाके, बसत नाही, दोरा तुटतो.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. इलस्ट्रेटर हे चित्रांचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे ना ते आधी बघा. नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि 'वस्ती'तला 'स्' सुटा होऊन खाली पाय मोडलेला दिसतो. इंकस्केप फुकट आहे आणि त्यात ही कटकट नाही. अक्षरं जमली की त्यांचे आकार करून टाका, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

मग येते शिरोरेषा. मजकूर गोलावर फिरवला की सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर सुटं फिरवतं. वरच्या कमानीत अक्षरांची डोकी बाहेर फाकतात, शिरोरेषेत फटी पडतात आणि ती तुटलेल्या कुंपणासारखी दिसते. खालच्या कमानीत उलटं: डोकी आत एकमेकांवर चढतात आणि पाय फाकतात. उपाय हाताचा आहे. आकार केलेल्या अक्षरांच्या शिरोरेषा कापून टाका. प्रत्येक शब्दासाठी एकच सलग वक्र रेघ काढा, साधारण सव्वा मिलिमीटर जाड, आणि अक्षरं तिला दोरीवरच्या कपड्यांसारखी टांगा. शब्द संपला की रेघ तुटली पाहिजे. अर्धा तास जातो, पण पॅच मराठी माणसाने केलेला वाटतो.

पंचिंगवाल्याकडे

तुम्ही स्वतः पंचिंग करणार नसाल तरी चार गोष्टी माहीत असू द्या, म्हणजे कोणी गुंडाळणार नाही.

पूर्ण भरलेल्या कामाला दर चौरस इंचाला अंदाजे दोन हजार टाके धरतात. ९० मिलिमीटरचा गोल पावणेदहा चौरस इंचांहून थोडा मोठा, म्हणजे सगळा भरला तर वीस हजारांच्या आसपास टाके. पण आपलं आभाळ एकाच रंगाचं आहे. मग कापडच आकाशी ट्विलचं, म्हणजे तिरप्या विणीचं जाड, घ्या आणि आभाळ भरूच नका. त्यात सुमारे ६,८०० टाके वाचतात. मिनिटाला साडेसातशे टाक्यांनी चालणाऱ्या मशीनवर ती दर पॅचमागे नऊएक मिनिटं झाली. शंभर पॅच असतील तर हिशेब तुम्हीच करा. भाव टाक्यांवर ठरतो. शिवाय कमी टाक्यांचा पॅच मऊ राहतो, पापडासारखा कडक होत नाही.

टाके कापडाला ओढतात. ज्या दिशेने टाका जातो त्या दिशेने आकार आखडतो आणि आडव्या दिशेने थोडा फुगतो. त्यामुळे स्क्रीनवरचा गोल कापडावर अंड्यासारखा येतो. चांगला पंचर ०.३ ते ०.४ मिलिमीटर भरपाई धरतोच, तरी विचारा. पाकोळीच्या पंखांत टाक्यांची दिशा पंखाला आडवी असू द्या, म्हणजे पिसांसारखी चमक फिरते. पंखाचं टोक एक मिलिमीटरच्या खाली गेलं की सॅटिन सोडून साधा धावता टाका. खाली बकरम, म्हणजे आधाराचं कडक कापड, नीट जाड असावं. क्रम असा: कडं, पक्षी, कमरेचा डाग, अक्षरं, पांढरी रेघ.

किनार दोन प्रकारची. ओव्हरलॉकसारखी जाड गुंडाळलेली मेरो बॉर्डर गोल पॅचला शोभते आणि टिकते. आडव्यातिडव्या आकाराला ती बसत नाही, तिथे सॅटिन कडा करून गरम सुरीने कापतात. आपल्याला मेरो.

पाठीमागे काय? टी-शर्टला शिवायचा साधा पॅच सगळ्यात भरवशाचा. इस्त्रीने चिकटणारा नायलॉनच्या बॅगेवर टिकत नाही. वेल्क्रो हवं असेल तर काटेरी बाजू पॅचला आणि मऊ बाजू जॅकेटला, उलट केलंत तर स्वेटरची लोकर निघेल.

एक नग आधी

एकच सॅम्पल मागवा. मिळालं की उन्हात धरा, चुरगाळा, एकदा मशीनमध्ये धुवा, टोपीला टाचून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कोणाला तरी उभं करा.

एकदा माझी फाइल दुसऱ्या एका कारखान्यात गेली आणि ऐंशी पॅच हिरव्या पाकोळ्यांचे आले. चूक अर्धी माझी होती. मशीनला जी डीएसटी फाइल देतात तिच्यात रंग कुठे बदलायचा एवढंच असतं, कुठला रंग ते नसतं. समोर जे रीळ चढलेलं असेल तेच चालतं. तेव्हापासून फाइलबरोबर एक कागद जातो: एक नंबर सुई गडद निळा, दोन पांढरा, पुढे रिळाचा नंबर, आणि शेजारी सेलोटेपने चिकटवलेला खऱ्या दोऱ्याचा बोटभर तुकडा.

अर्थाचा कागद

पॅच झाला की अर्ध्या पानात त्याचा अर्थ लिहून ठेवा. जेवढं खरोखर ठरवलं होतं तेवढंच लिहा. नंतर बसून 'लाल म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे शांती' असलं काही जोडू नका. आपल्या नमुन्याचा कागद एवढाच होईल:

पाकोळी: आपल्या इमारतीच्या वळचणीला राहते, फांदीवर बसत नाही. कमरेचा पांढरा डाग: तिची ओळख. आकाशी, गडद निळा, लाल: एनसीसीच्या ध्वजातले. आकाशी सगळ्यात मोठा, कारण आपण एअर विंग. महाराष्ट्राचं एक नातंही लिहायला हरकत नाही: १ एप्रिल १९५० ला एअर विंग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या दोन स्क्वाड्रनपैकी एक मुंबईत होती.

खाली तारीख, चित्र कोणत्या बॅचने काढलं ते, आणि सीओंच्या मंजुरीची प्रत. या कागदाबरोबर एक कोरा, न शिवलेला पॅच, मूळ चित्राची फाइल, डीएसटी आणि दोऱ्याचे तुकडे चिकटवलेला तक्ता प्लास्टिकच्या पिशवीत घालून एनसीसी ऑफिसच्या कपाटात ठेवा. पिशवीवर मार्करने लिहा: 'पॅच. फेकू नये.' दर वर्षी दिवाळीत ते कपाट आवरलं जातं.